दोन चांगल्यांतून एक



बरे आणि वाईट यांतून निवड करायची असेल तर कुणाला धर्मगुरूंच्या दारापर्यंत यावे लागत नाही. काय बरे आणि काय वाईट हे बहुधा आपल्याला आधीच ठाऊक असते. अवघड जाते ते त्याप्रमाणे वागणे. खरा पेच पडतो तो समोरच्या दोन्ही गोष्टी चांगल्या असतात तेव्हा. मार्चपासून जुलैपर्यंत आमच्या कार्यालयात इंजिनिअर झालेले जे युवक-युवती येतात, त्यांतील पुष्कळांचा पेच याच जातीचा असतो. एका हातात इकडच्या एम.टेक.चे पत्र, दुसऱ्या हातात तिकडच्या एम.एस.चे, आणि प्रश्न एकच, "फादर, कुठलं घेऊ?" दोन दिवसांनी आईवडील येतात. ते दार लोटून घेतात आणि हळूच म्हणतात, "तुम्हीच सांगा फादर, तुमचं ऐकेल."

कुणी म्हणेल, हा विषय करिअर मार्गदर्शन शिबिराचा; रविवारच्या पत्रिकेत त्याचे काय काम? आम्हाला तसे वाटत नाही. ज्या निर्णयात दुसऱ्याचा पैसा, दुसऱ्याची जागा आणि आपला शब्द गुंतलेला असतो, तो निर्णय नीतीचाही असतो, मग त्याच्या कागदांवर कितीही तांत्रिक शब्द असोत. म्हणून आज त्याविषयी जरा सविस्तर लिहीत आहोत.

२०२३ सालच्या उन्हाळ्यातले एक उदाहरण घेतो. कुटुंबाची परवानगी आहे, तरीही ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत. मुलगी सिव्हिल इंजिनिअर. सांडपाणी शुद्ध कसे करावे या विषयाचा तिला नाद. ज्या गावात विहिरींचे पाणी मचूळ होत गेलेले पाहत माणूस मोठा होतो, तिथे असा नाद लागला तर नवल नाही. गेट परीक्षेत तिला चांगले गुण मिळाले आणि पवईच्या आयआयटीत पर्यावरण अभियांत्रिकीच्या एम.टेक.ची जागा देऊ करण्यात आली. दोन वर्षांचा अभ्यासक्रम. पहिले वर्ष मुख्यतः वर्गातले, दुसरे प्रबंधाचे. गेटमार्फत प्रवेश घेणाऱ्याला तेव्हा महिना १२,४०० रुपये पाठ्यवेतन मिळत असे आणि त्याच्या बदल्यात आठवड्याला ८ तास विभागाचे काम करावे लागे. २४ महिन्यांचे २,९७,६०० रुपये होतात. घरून पैसे मागायची वेळ फारशी येणार नव्हती, आणि शनिवारी संध्याकाळी लोकल पकडली की ती घरी.

त्याआधीच अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठाचे पत्र येऊन पडले होते, त्याच विषयातील एम.एस.साठी. पाणी गाळण्याच्या सूक्ष्म पडद्यांवर तिथल्या प्रयोगशाळेत जे काम चालते, त्याविषयी तिने कॉलेजात असतानाच वाचलेले. मात्र आर्थिक साहाय्याची हमी नव्हती. डॉलर तेव्हा ८२ रुपयांच्या आसपास होता. शुल्क, राहणे, विमा आणि विमानभाडे धरून खर्च ४० लाखांच्या घरात जात होता. वडील कारखान्यातून निवृत्त झालेले. आई पहाटेच्या गाडीने दादरला फुले घेऊन जाते. धाकटा भाऊ तेव्हा दहावीत. गहाण टाकण्यासारखे एकच काय ते होते, राहते घर.

अशा वेळी गाव दोन पक्षांत वाटले जाते, तसे झाले. एक पक्ष म्हणाला, हातचे सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचे? दुसरा म्हणाला, अशी संधी पुन्हा येत नाही. तिसरे एक वाक्यही कानावर आले, "मुलीच्या जातीला एवढं कर्ज?" त्याच आळीत एका मुलासाठी घर गहाण पडले होते तेव्हा असा प्रश्न कुणी विचारल्याचे आम्हाला स्मरत नाही. हा तिसरा पक्ष आम्ही विचारातच घेतला नाही, आणि तिनेही घेऊ नये असे तिला सांगितले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला एका गाढवाची गोष्ट भेटली होती. अगदी सारख्या अंतरावर गवताच्या दोन अगदी सारख्या पेंढ्या. डावीकडची घ्यावी की उजवीकडची याला कारण सापडेना, म्हणून गाढव मध्येच उभे राहून उपाशी मरते. चौदाव्या शतकात पॅरिस येथे शिकवणाऱ्या जाँ ब्युरिदान यांच्या नावावर हे गाढव जमा आहे. गंमत अशी की त्यांच्या उपलब्ध ग्रंथांत ते कुठेच आढळत नाही. मूळ कल्पना त्याहून जुनी. तहान आणि भूक सारखीच लागलेला मनुष्य अन्न आणि पाणी यांच्या मधोमध खिळून बसेल काय, असा प्रश्न ॲरिस्टॉटलच्या लिखाणात येतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या कोड्याला उत्तर दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: दोन गोष्टी एका बाजूने पाहिल्यास सारख्या दिसतील, पण माणसाची बुद्धी त्या एकाच बाजूला बांधलेली नाही. ती वस्तू फिरवून पाहू शकते, आणि दुसऱ्या बाजूला तिला असे काही दिसू शकते की मन तिकडे वळते. गाढवाला हे जमत नाही. माणसाला जमते, पण त्यासाठी फिरवून पाहण्याचे कष्ट घ्यावे लागतात.

आमच्या या मुलीने कष्ट घेतले होते, पण एकाच बाजूने. तिने कागदावर तक्ता आखला होता. अभ्यासक्रम, प्राध्यापक, नोकरीची शक्यता, खर्च, अंतर, हवामान, असे रकाने आणि प्रत्येकाला दहापैकी गुण. बेरीज एका गुणाच्या फरकाने पवईकडे झुकली. मग तिने हवामानाचे गुण बदलले. आम्ही विचारले, "का बदललेस?" ती हसली आणि म्हणाली, "बेरीज बघितली आणि वाईट वाटलं."

या वाईट वाटण्याला काहीच किंमत नाही असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या मनात काय आहे हे पुष्कळदा नाणे हवेत असतानाच कळते. पण ती भावना साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. तिची उलटतपासणी झाली पाहिजे. हे वाईट वाटणे प्रयोगशाळा हुकली म्हणून आहे, की विमानतळावरचा फोटो हुकला म्हणून?

रूथ चँग या विदुषींनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका निबंधात अशा निवडींविषयी जे मांडले, ते आम्हाला फार उपयोगी वाटते. आपण समजतो की दोन गोष्टींत तीनच नाती संभवतात: पहिली सरस, दुसरी सरस, किंवा दोन्ही समान. पण समजा, दोन्ही खरोखर समान आहेत. मग एका पारड्यात चिमूटभर टाकले तरी ते खाली गेले पाहिजे. अमेरिकेच्या विद्यापीठाने उद्या हजार डॉलरची सवलत दिली, तर या मुलीचा प्रश्न सुटला असता काय? आम्ही तिला हेच विचारले. ती म्हणाली, नाही. आयआयटीने पाठ्यवेतन हजार रुपयांनी वाढवले असते तर? तेव्हाही नाही. म्हणजे त्या दोन जागा समान नव्हत्या, आणि त्यांतली कुठलीही एक सरसकट वरचढही नव्हती. त्या एकमेकींच्या तोडीच्या होत्या, पण वेगवेगळ्या मापांनी. अशा ठिकाणी आणखी माहिती जमवून, आणखी रकाने वाढवून उत्तर बाहेर पडत नाही. मी कशासाठी जगू पाहतो, आणि त्यासाठी कोणते कारण मी स्वतःचे म्हणून उचलायला तयार आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे लागते.

भाविक मनाला हे पटायला जड जाते. आपल्याला वाटते की देवाने एका पाकिटात योग्य उत्तर बंद करून ठेवले आहे आणि ते ओळखता आले नाही तर आयुष्य फुकट गेले. मग नोव्हेना होते आणि नोव्हेनानंतर वेदीसमोर चिठ्ठ्या टाकल्या जातात. कुणी आम्हाला पवित्र ग्रंथाचा दाखलाही देतात: यहूदाची जागा भरताना प्रेषितांनी चिठ्ठ्याच टाकल्या ना? होय, टाकल्या. पण त्याआधी त्यांनी काय केले तेही वाचावे. त्या जागेसाठी माणूस कसा हवा हे त्यांनी आधी ठरवले, त्याप्रमाणे दोघांना पुढे उभे केले, प्रार्थना केली आणि मग मत्थियाच्या नावाची चिठ्ठी निघाली. विचाराचा भाग त्यांनी चिठ्ठीवर ढकलला नव्हता. आज चिठ्ठी टाकणाऱ्याला बहुतेक वेळा एवढेच हवे असते की उद्या काही बिनसले तर दोष आपल्यावर येऊ नये.

आता पैशाकडे वळू. तो भाग मोठा आहे. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ४० लाखांचे कर्ज, व्याज वर्षाला ११ टक्के, परतफेड १० वर्षांत. हप्ता महिना साधारण ५५ हजार रुपये येतो. शिक्षण चालू असतानाचे व्याज त्यात धरलेले नाही. नोकरी डॉलरमध्ये असेल तर हा आकडा झेपतो. मुंबईत नुकत्याच लागलेल्या इंजिनिअरच्या पगारातून तो भरायचा म्हटले तर हातात काय उरेल याचा हिशेब ज्याने त्याने करावा. तिकडे विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी घेतल्यावर विद्यार्थी-व्हिसावरच एक वर्ष आणि वाढीव दोन वर्षे, अशी एकूण तीन वर्षे काम करण्याची परवानगी मिळू शकते, असा २०१६ पासूनचा नियम होता. पुढे राहायचे तर बहुतेकांना एच-१बी व्हिसाच्या सोडतीत नाव यावे लागते. वर्षाला ६५ हजार जागा, आणि अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यावरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. २०२३ च्या मार्चमध्ये या सोडतीसाठी सुमारे ७ लाख ८० हजार नोंदण्या झाल्या होत्या. त्यांत एकाच माणसाच्या अनेक नोंदण्याही होत्या, म्हणून पुढच्या वर्षी माणशी मोजणी सुरू झाली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तर नव्या एच-१बी अर्जांसाठी एक लाख डॉलर भरावे लागतील अशी घोषणा झाली. कर्जाची मुदत दहा वर्षांची आणि नियमांचे आयुष्य असे.

"अंथरूण पाहून पाय पसरावे" ही म्हण आपल्याकडे अशा वेळी हमखास निघते. म्हण खोटी नाही. पण केवळ तिच्यावर विसंबलो तर गरिबाच्या मुलांनी पाय कायम दुमडूनच झोपावे लागेल. आमचा मुद्दा वेगळा आहे. कर्ज हा स्वतःच एक निर्णय असतो आणि तो पुढच्या निर्णयांत हात घालतो. ज्याच्या डोक्यावर महिना ५५ हजारांचा हप्ता आहे, त्याला न आवडणारी नोकरी नाकारता येत नाही, आजारी आईसाठी सहा महिने घरी येऊन राहता येत नाही, आणि ज्या विषयासाठी गेला त्या विषयातली कमी पगाराची नोकरीही पत्करता येत नाही. तेव्हा दोन अभ्यासक्रमांची तुलना करताना आत शिरण्याचे दार किती भव्य आहे यापेक्षा बाहेर पडताना किती दारे उघडी राहतील हे आधी पाहावे.

एवढे सांगून थांबलो तर मात्र तरुण मंडळी उलट टोकाला जातात. सगळी दारे उघडी ठेवायची म्हणून कुठल्याच दारातून आत जायचे नाही! दोन दगडांवर पाय ठेवून वर्ष काढणारे कितीतरी जण आम्ही पाहतो. दार उघडे असते ते आत जाण्यासाठी.

कर्जाची आणखी एक बाजू आहे आणि तिच्याविषयी आपल्यात कुणी उघड बोलत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वकिलातीच्या खिडकीसमोर विद्यार्थी-व्हिसासाठी उभे राहिले की, शिक्षण संपल्यावर मायदेशी परत जाण्याचा माझा इरादा आहे, हे अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. मुले ते उत्तर पाठ करून जातात. काही ठिकाणी पैसे घेऊन ते पाठ करवूनही घेतात. आता ज्याने कर्जाचा सारा हिशेब तिकडच्या आठ-दहा वर्षांच्या पगारावर मांडला आहे, त्याचे ते उत्तर खरे कसे असेल? माणूस पुढे विचार बदलतो, त्याला नवी संधी मिळते, कायद्याने राहण्याची परवानगी मिळते, ही गोष्ट निराळी. त्यात खोटेपणा नाही. पण बोलतानाच उलटे ठरलेले असेल तर ते असत्यच. "सगळेच असं सांगतात फादर," हे उत्तर आम्ही पुष्कळ ऐकले आहे. आम्ही त्या मुलीला एवढेच विचारले, "परत यावं लागलं तर कर्ज कसं फेडशील याचा दुसरा कागद तयार आहे का?" तो कागद असेल तर खिडकीवरचे वाक्य खरे म्हणता येते. नसेल तर कर्जाच्या आकड्यानेच ते खोटे करून ठेवलेले असते.

दुसऱ्याच्या जागेविषयीही लिहिले पाहिजे. एम.टेक.च्या जागांसाठी आयआयटींनी २०१७ पासून एक सामाईक संगणकीय खिडकी ठेवली. जागा देऊ केली की उमेदवाराला तीन पर्याय मिळतात: स्वीकारून पक्की करणे, धरून ठेवून पुढील फेरीची वाट पाहणे, किंवा नाकारून वाट पाहणे. आमच्या मुलीने दोन फेऱ्या जागा धरून ठेवली होती, कारण व्हिसाची तारीख यायची होती. नियमाने दिलेली मुदत वापरणे ही फसवणूक नव्हे. परंतु आपण धरून ठेवलेल्या प्रत्येक जागेमागे कुणीतरी यादीत उभा असतो, विदर्भातला किंवा बिहारमधला, ज्याच्याकडे दुसरे पत्र नसते. निर्णय मनात झाल्यावरही केवळ सोयीसाठी जागा अडवून ठेवणे, किंवा प्रवेश घेऊन, पाठ्यवेतन घेऊन, नोकरी मिळताच मध्येच निघून जाणे, यात नियम मोडत नसेलही, पण ज्याला आपण पाहिलेले नाही अशा माणसाचे नुकसान होते. प्रवेशाची मुदत संपल्यावर रिकामी पडलेली जागा त्या वर्षी कुणालाच मिळत नाही आणि तिचा खर्च मात्र जनतेच्या पैशातून झालेला असतो. एम.टेक. अर्धवट सोडणाऱ्यांचा हा प्रश्न २०१९ साली आयआयटी परिषदेपर्यंत गेला होता. कुमसारात हे पाप आम्ही अजून कुणाकडून ऐकलेले नाही, एवढे सांगायला हरकत नाही.

अशा निवडीसाठी आमच्या हाताशी जुने साधन आहे. संत इग्नेशियस लोयोला यांची 'आध्यात्मिक साधना' १५४८ साली रोम येथे छापली गेली. हे संत विद्यार्थी म्हणूनही आपल्या मुलांना जवळचे वाटावेत. बार्सिलोना, अल्काला, सालामांका अशी विद्यापीठे व गावे बदलत ते १५२८ साली पॅरिसला पोहोचले तेव्हा वयाने पस्तिशीच्या पुढे होते. पाया कच्चा राहिला म्हणून तिथे लहान मुलांच्या बरोबरीने पुन्हा लॅटिन व्याकरण शिकायला बसले. बरोबर आणलेले पैसे ज्याच्याकडे ठेवले त्याने उडवले, तेव्हा सुट्टीत फ्लँडर्सला जाऊन शिक्षणासाठी मदत मागितली. फी, कर्ज आणि घरभाड्याची चिंता त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती.

निवड कशी करावी हे सांगताना ते काही सोपे उपाय देतात. ज्याला तुम्ही कधी पाहिलेले नाही, पण ज्याचे भले व्हावे असे तुम्हाला वाटते, असा कुणी हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सांगाल? तेच स्वतःला सांगा. मृत्युशय्येवर असताना आज कसे वागलो असतो तर बरे वाटेल? तसेच आज वागा. आणि या साऱ्याआधी, दोन्हींपैकी कुठल्याही बाजूला मन आधीच गहाण पडलेले नसावे. घर गहाण पडण्यापूर्वी मन गहाण पडते, हे आम्ही पुष्कळ कुटुंबांत पाहिले आहे. तिकीट काढायच्या आधी नातेवाइकांना कळवून झालेले असते.

या उपायांत आम्ही आमचा एक जोडतो, तो अगदी साधा आहे. पदवीदानाचा दिवस डोळ्यांसमोर आणू नका; तो एकदाच येतो. एखादा मंगळवार आणा. सकाळी उठून कुठे जाल, कुणाशी बोलाल, हाताने काय कराल, रात्री कुणाबरोबर जेवाल? पवईचा मंगळवार तिने चटकन सांगितला: वर्ग, प्रयोगशाळा, वसतिगृहातल्या मैत्रिणी, आईचा फोन. तिकडचा सांगताना ती जरा थांबली. थंडी, एकटीचा स्वयंपाक, खर्चाची काळजी. मग पडद्यांच्या त्या प्रयोगशाळेवर आली आणि पंधरा मिनिटे बोलत राहिली. आम्हाला त्यातले निम्मे कळले नाही.

त्यानंतर आम्ही तिच्या घरी गेलो. वडील म्हणाले, "घर माझं आहे, सही मी करीन." आईने फक्त विचारले की आजारी पडली तर तिथे कोण बघेल. धाकट्याला कुणी काही विचारलेच नव्हते. आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, "ताईने जावं. मला कुठे एवढं लागणार आहे?" पंधरा वर्षांच्या मुलाचा हा मोठेपणा ऐकायला गोड वाटतो, पण ती संमती धरता येत नाही. ज्याची सही कुठल्याच कागदावर नसते त्याचा वाटा सर्वांत आधी बाजूला काढून ठेवावा लागतो, असे आम्ही तिला बाहेर अंगणात सांगितले.

आठ दिवसांनी ती दुसरा कागद घेऊन आली. वडिलांच्या फंडाच्या पैशाला हात लावायचा नाही, तो भावाचा. कर्ज ३० लाखांच्या वर न्यायचे नाही. बाकीचे दागिने, मामाची उसनवारी आणि तिथे आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत जे काम करता येते त्यातून. परत यावे लागले तर घरीच राहायचे, मुंबईत नोकरी करायची आणि मुदत वाढवून घेऊन पंधरा वर्षे फेडत राहायचे. "तेवढी वर्षं जातील हे धरून चाललेय," ती म्हणाली. "मला ते काम शिकायचंय, आणि ते तिथेच आहे."

आम्ही तिच्या जागी असतो तर पवईला गेलो असतो. हे आम्ही तिला तेव्हाच सांगितले आणि आजही आम्हाला तसेच वाटते. घर गहाण टाकण्याविषयी आमचे मन पुरते निःशंक झालेले नाही. परंतु सल्ला विचारणाऱ्याने सल्ल्याप्रमाणेच वागले पाहिजे असा नियम नाही. संत थॉमस विवेकाच्या तीन पायऱ्या सांगतात: मसलत करणे, निर्णय करणे आणि मग स्वतःला आज्ञा देऊन कामाला लागणे. यांतली शेवटची त्यांना मुख्य वाटते. पहिल्या पायरीवर धर्मगुरू, शिक्षक, काका-मामा सगळे बसू शकतात. तिसऱ्या पायरीवर एकालाच जागा असते.

जूनमध्ये व्हिसा मिळाला. काही हितचिंतकांनी सुचवले की पवईलाही फी भरून ठेव, तिकडे काही बिनसले तर असू दे. तिने त्याच संध्याकाळी पवईची जागा नाकारली. पुढच्या फेरीत ती कुणाला मिळाली हे तिला ठाऊक नाही.

२०२५ साली तिचे एम.एस. पूर्ण झाले आणि पाणी शुद्धीकरणाची कामे करणाऱ्या एका लहान कंपनीत तिला नोकरी लागली. पगार तिच्या काही मैत्रिणींपेक्षा कमी आहे. पुढे काय, याचे उत्तर तिच्याकडे नाही. दुसरा कागद तिने जपून ठेवला आहे. धाकट्याने बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंट घेतले, त्याची पहिली फी फंडातून गेली. कर्जाचा हप्ता महिन्याच्या ५ तारखेला कापला जातो. वडील ६ तारखेला बँकेत जाऊन पासबुक भरून आणतात.

आपले,
प्रमुख धर्मगुरू